दोन संशय

येळवाडीत इंग्रजी कळणारा एकच माणूस होता आणि त्याला ते किती कळतं हे तपासणारं गावात कुणीच नव्हतं. त्याचं नाव वीरभद्र. गाव त्याला कंपाउंडर म्हणायचं.

जळकोटापासून कच्च्या वाटेनं दीड कोस गेलं की माळावर पन्नास-साठ घरं दिसतात, ती येळवाडी. मुलूख निजामाचा, पण सोलापूरची हद्द इतकी जवळ की हौशे बाजाराला तिकडंच जायचे. घराघरात कुठं कानडी, कुठं मराठी. कचेरीचे कागद उर्दूत यायचे, ते वाचायला कोंडीराम पाटील होते. इंग्रजीचं काम वर्षातनं दोन-तीनदा निघायचं. गिरणीत असलेल्या कुणा पोराची तार, एखादी औषधाची बाटली, शिवणयंत्राबरोबर आलेलं पुस्तक. तेवढ्यापुरतं गाव वीरभद्राच्या ओसरीवर येई आणि तो जे सांगेल ते ऐकून जाई.

वीरभद्र शाळेत इंग्रजी शिकला नव्हता. बाप गेल्यावर आई इरम्मानं त्याला सोलापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात चिकटवून दिलं. तिथं झाडलोट करता करता तो पुड्या बांधायला लागला, पुढं बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागला. एकदा चोळायच्या औषधावर प्यायच्या औषधाची चिठ्ठी लागली. गिरणीतला एक म्हातारा ते प्याला. ओकून ओकून वाचला खरा, पण डॉक्टरांनी वीरभद्राला भर दवाखान्यात थोबाडीत दिली. त्या दिवसापासून त्यानं एक वही सुरू केली. जवळजवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द जोडीनं लिहायचे आणि त्यांच्यात फरक काय ते डॉक्टरांना विचारून खाली टिपायचं. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. स्टील म्हणजे वस्तू चोरणं, रॉब म्हणजे माणसाला लुबाडणं. अशा पन्नासएक जोड्या झाल्या आणि बेचाळीस साली डॉक्टर वारले. दवाखाना बंद पडला. वीरभद्र दोन फळ्या भरतील एवढ्या बाटल्या, एक फाटका इंग्रजी कोश आणि ती वही घेऊन बायको महादेवीसह गावी परतला. खोकला, खरूज, गळवं बघू लागला. माणूस मऊ, पण गावात आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला आवडायचं. इतकं आवडायचं की एखादा शब्द अडला तरी तो कधी अडल्यासारखं दाखवत नसे.

अठ्ठेचाळीस सालच्या अक्षय तृतीयेला येळवाडीत ती गोष्ट घडली.

गिरिजाबाईचा धाकटा मुलगा सिद्धेश्वर वर्षभरापूर्वी हद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला होता. तिथली पोरं रझाकारांशी लढायची, निजामाची जकातनाकी जाळायची. सणाला आईला भेटायचं म्हणून तो एका सोबत्याला घेऊन गुपचूप आला. दोघं घरामागच्या कडब्याच्या गंजीत लपून राहिले. तिसऱ्या दिवशी, ऐन सणाच्या भर दुपारी रझाकारांची मोटार गावात शिरली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, एकही दार वाजवलं नाही. सरळ गंजीकडं गेले. दोन्ही पोरं तिथंच पडली.

गावानं मढी उचलली, माती दिली. रडारड ओसरली, पण तीन शब्द गावात राहून गेले. सरळ गंजीकडं गेले. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं.

मग गाव नासलं. आडावर दोघी बोलत असल्या आणि तिसरी आली की बोलणं मिरच्यांच्या भावावर जाई. कुणी जळकोटाला गेला की का गेला, कुणाला भेटला, हे चार घरांत मोजलं जाई. आधी मुसलमान म्हणून पिंजाऱ्याच्या घरावर बोट गेलं. ते बिचारे रातोरात घर सोडून गेले आणि ते गेले म्हणजे तेच असणार असं काही दिवस सगळे धरून चालले. पण लोकांचं मन भरेना. पिंजाऱ्याला गंजीचं कुठून कळणार? सांगणारा आत-बाहेर करणारा पाहिजे, माळावर उभा राहून सगळी घरं बघणारा पाहिजे.

असा एक माणूस होता. बिभीषण धनगर. त्याची मेंढरं गिरिजाबाईच्या घरामागच्या पडीत चरायची. गिरिजाबाईचा भाऊ गुंडाप्पा यानं त्याला त्याच आठवड्यात सडकेवरच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं.

“ठाण्यावर काय काम हुतं रं तुजं?” गुंडाप्पानं चावडीपुढं त्याला हटकलं.

“म्या? म्या तिकडं फिरकलोच न्हाय,” बिभीषण म्हणाला आणि काठी काखेत मारून चालता झाला.

तो खोटं बोलला हे गुंडाप्पाला ठाऊक होतं. दोन दिवसांत गावाला ठाऊक झालं. आणि त्याच्या नावावरून जे बोलायचं ते लोक बोललेच. रामायण सगळ्यांच्या तोंडपाठ होतं.

भाद्रपदात सोलापूरकडून फौजा आल्या, नळदुर्गावरून पुढं गेल्या आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. सडकेवरचं ठाणं ओस पडलं. अमीन, म्हणजे तिथला फौजदार, पळाला, शिपाई पळाले, दप्तरातले कागद वाऱ्यावर बाभळींना जाऊन अडकले. गुंडाप्पानं हाताला लागेल तेवढे कागद गोणीत भरून आणले. कोंडीराम पाटलांनी रात्रभर बसून उर्दू कागद चाळले. गाड्यांच्या नोंदी, बकऱ्यांचे कोंडवाडे, हजेरी. येळवाडीचं त्यात काही नव्हतं. शेवटी खालून फाटलेला एक अर्धा कागद राहिला. टाइप केलेला. इंग्रजी.

“कंपाउंडराला बोलवा,” पाटील म्हणाले.

वीरभद्र आला तेव्हा चावडीत बसायला जागा नव्हती. गिरिजाबाई खांबाला टेकून उभी होती. चार महिन्यांत ती एवढी वाळली होती की लुगड्याच्या निऱ्याच उभ्या राहिल्यासारख्या दिसायच्या. वीरभद्रानं कागद हातात घेतला. तारखेचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. पहिल्या ओळीत एक शब्द आणि त्यापुढं नाव. इन्फॉर्मंट: बिभीषण, जात धनगर, राहणार येळवाडी. त्याखाली, सोलापूरकडची हत्यारबंद माणसं या इसमानं येळवाडीच्या हद्दीत पाहिली. पुढची ओळ अर्धी आणि तिथंच कागद फाटलेला.

नाव वाचून तो पुन्हा पहिल्या शब्दाकडं आला. इन्फॉर्मंट. हा शब्द वहीत नव्हता. इन्फॉर्मर हा शब्द मात्र त्यानं दवाखान्यात इंग्रजी वर्तमानपत्रात वाचला होता. पोलिसांचा इन्फॉर्मर, टोळीत राहून बातम्या पुरवणारा. हा त्याचाच भाऊ असणार, फक्त शेपूट वेगळी.

“काय लिवलंय?” गुंडाप्पा.

“बिभीषणाचं नाव आहे. खबर देणारा, असं लिहिलंय,” वीरभद्र म्हणाला. “सोलापूरकडची हत्यारबंद माणसं त्यानं आपल्या शिवारात पाहिली म्हणून.”

मागचे लोक ऐकायला पुढं सरकले.

“म्हणजे मुखबिर,” कोंडीराम पाटील म्हणाले. “व्हय न्हवं?”

खबर देणारा आणि चोरून बातम्या पोचवणारा मुखबिर या दोहोंत किती अंतर आहे हे त्या क्षणी वीरभद्राला जाणवलं. थांबा, मला कोश पाहू द्या, एवढं म्हणायला त्याला वेळ होता. पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडं पाहत होतं आणि गिरिजाबाई पाहत होती. त्यानं मान हलवली.

बिभीषणाला माळावरून धरून आणलं. ठाण्यावर गेला होतास का, असं पाटलांनी विचारलं. तो आधी नाही म्हणाला. कागदावर तुझं नाव कसं, असं विचारल्यावर गप्प झाला. “म्या पोरांचं न्हाय सांगितलं,” एवढंच तीनदा म्हणाला. मग गुंडाप्पानं काठी उचलली आणि पुढं कुणाच्या किती काठ्या पडल्या हे कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत सिताबाई, बिभीषणाची बायको, वीरभद्राच्या दारात आली. “कंपोंडर, ह्यांचा हात सुजलाय. गाव पाणी द्यायला तयार न्हाय. तुमी तरी या.”

वीरभद्र गेला. मनगट मोडलं होतं. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. बिभीषण ओठ दाबून बसला होता. पट्टीची गाठ मारून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “कागदात माझं नाव हाय?”

“आहे.”

“आन मेंढरांचं?”

“कसली मेंढरं?”

बिभीषण त्याच्याकडं बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात पारखून घेतलेली वस्तू घरी आल्यावर भलतीच निघावी, तसा तो पाहत होता. “कायी न्हाय,” तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

वीरभद्र घरी आला तो सरळ कोशाकडं. कोश त्याच्यासारखाच गरीब होता. इन्फॉर्मर, माहिती देणारा. इन्फॉर्मंट, माहिती देणारा. दोन्हींपुढं एकच अर्थ. एकच अर्थ असता तर इंग्रजांनी दोन शब्द कशाला ठेवले असते, हा प्रश्न त्याला डॉक्टरांनीच शिकवला होता. त्यानं वही उघडली आणि दोन्ही शब्द जोडीनं लिहिले. खालची ओळ कोरी राहिली.

महादेवी चुलीपाशी होती. “काय शोधताय?”

“एका शब्दाचा अर्थ.”

“सकाळी सांगितलात त्याचा?”

त्यानं कोशाचं पान उलटलं. तिनं भाकरी परतली, तव्यावर दाबली. “ठाऊक नव्हता तर बोललात कशाला?” असं म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. वीरभद्राला तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवस असेच गेले. बिभीषणाच्या दारावरून कुणी जाईना. त्याची मेंढरं कुणी आपल्या रानात बसू देईना. सिताबाई दीड कोसावरून पाणी आणायची. वीरभद्र पट्टी बदलायला जाई, येताना लोक त्याच्याकडंही तिरपे बघत. आपण चुकलो असलो तर, असं त्याच्या मनात येई. आणि नसलो तर? हा खोटं बोललाच होता ना ठाण्यावर गेलो नाही म्हणून? आणि मेंढरांचं काय बोलला? संशय वीरभद्राच्या मनात एकदा बिभीषणाकडं जाई, एकदा स्वतःकडं. गावात जाऊन, मला खात्री नाही, असं म्हणायचं धैर्य त्याला झालं नाही.

दसरा झाल्यावर पाटलांनी ठरवलं की बिभीषणाला फौजेच्या हवाली करायचं. नळदुर्गात एक कप्तान छावणी टाकून होता. रझाकारांना मदत करणाऱ्यांची चौकशी करायचा. मद्रासकडचा माणूस. त्याला मराठी येत नव्हती, हिंदुस्थानी मोडकी. “तूच बोल त्याच्याशी इंग्रजीत,” पाटील वीरभद्राला म्हणाले.

दोन बैलगाड्या निघाल्या. एकीत बिभीषण, गुंडाप्पा आणि दोघं गडी. दुसरीत पाटील, गिरिजाबाई आणि वीरभद्र. वाटेत कुणी फारसं बोललं नाही. वीरभद्र मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होता, पुन्हा पुन्हा, चिठ्ठी चुकू नये म्हणून.

कप्तान लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडून बसला होता. सावळा, चष्मेवाला, कंटाळलेला. वीरभद्रानं हात जोडले आणि इंग्रजीत सांगितलं की साहेब, या माणसानं आमच्या दोन पोरांची खबर ठाण्यावर दिली असा गावाला डाउट आहे.

“डाउट आहे?” कप्तानानं मान वर केली. “म्हणजे यानं दिली नसावी असं गावाला वाटतं? मग याला बांधून कशाला आणलं?”

वीरभद्र गोंधळला. त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं. वुई डाउट दिस मॅन.

कप्तान हसला. पूर्वी तो बहुधा मास्तर असावा, कारण त्यानं पेन खाली ठेवलं आणि सावकाश समजावलं. एखाद्यानं गुन्हा केला असावा असं वाटत असेल तर तुम्ही सस्पेक्ट करता. केला की नाही याची खात्री वाटत नसेल, किंबहुना नसावाच असं वाटत असेल, तर तुम्ही डाउट करता. तुमचं नक्की काय आहे?

“सस्पेक्ट, सर,” वीरभद्र म्हणाला. मराठीत दोन्हीला संशयच म्हणतात, हे त्याला साहेबाला सांगता आलं नाही. त्यानं अर्धा कागद पुढं केला.

कप्तानानं तो वाचला. मग आत हाक मारून कारकुनाला काहीतरी सांगितलं. ठाण्यावरचं उरलेलं दप्तर फौजेनं आधीच उचलून आणलं होतं. कारकून एक फाइल घेऊन आला. त्यात त्याच कागदाची कार्बन प्रत होती. अख्खी.

“तुम्ही हा शब्द कसा वाचलात?” कप्तानानं इन्फॉर्मंटवर बोट ठेवलं.

“इन्फॉर्मर, सर. सेम थिंग.”

“नाही. इन्फॉर्मर म्हणजे आपल्याच माणसांची बातमी चोरून पोलिसांना देणारा. इन्फॉर्मंट म्हणजे जो उघडपणे फिर्याद द्यायला येतो तो. घरी चोरी झाली आणि तुम्ही ठाण्यावर सांगायला गेलात, तर तुमच्या नावापुढं हाच शब्द लिहितील. मी रोज वीस वेळा लिहितो.” आणि त्यानं खालचा अर्धा भाग वाचून दाखवला. हत्यारबंद माणसांनी ओढ्याकाठी चरणारी चौदा मेंढरं हाकून नेली. ती सोलापूरच्या बाजारात विकली गेल्याचा अंदाज. प्रत सोलापूर पोलिसांना रवाना, म्हणून इंग्रजीत. तारीख सतरा मे. अक्षय तृतीयेनंतरचा पाचवा दिवस. खाली निळा अंगठा.

“हत्यारबंद माणसं सोलापूरकडची, असं तू सांगितलंस?” कप्तानाच्या सांगण्यावरून वीरभद्रानं बिभीषणाला विचारलं.

“म्या रझाकार म्हणलं,” बिभीषण म्हणाला. “मोटारीमागनं घोड्यावरनं चौघं जण आले हुते, त्यांनी नेली. अमीनसाब म्हणला, रझाकार लिवता येत न्हाय, म्या लिवतो बरुबर. अंगठा घेतला.”

“मग गेलोच न्हाय असं का म्हणालास?”

बिभीषणानं गिरिजाबाईकडं पाहिलं, मग खाली. “ज्या गावात दोन मढी उचलली, त्या गावात मेंढरांसाटी ठाण्यावर गेलो असं कुठल्या तोंडानं सांगू?”

हे मराठीतलं बोलणं सगळ्यांना कळलं. पण साहेब आणि कंपाउंडर इतका वेळ काय बोलले, कागदात काय निघालं, हे कुणालाच कळलं नव्हतं. सगळे वीरभद्राच्या तोंडाकडं पाहत होते, चावडीत पाहिलं होतं तसेच. त्या लिंबाखाली कप्तानाचं बोलणं समजणारा आणि ते गावाला सांगू शकणारा तो एकटाच होता. कागदात आणखी काही निघालं, त्यामुळं साहेब सोडतोय, असं सांगून तो सुटला असता. त्याची चूक कुणाला कधीच कळली नसती.

“पाटील,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी शब्द चुकीचा सांगितला. मुखबिर असं कागदात नाही. फिर्यादी असं आहे. मेंढरं गेली त्याची फिर्याद आहे ही. मला अर्थ ठाऊक नव्हता आणि मी मान हलवली.”

गुंडाप्पा पुढं आला. “साहेब एवढा येळ बोलला, आन तू एवढंच सांगतूस?”

“एवढंच आहे.”

“पंधरा रोज त्याच्या घरी जातूस पट्टी बांधायला. काय खाल्लंस त्याचं?”

कप्तानानं बिभीषणाची दोरी सोडायला लावली. बिभीषण मनगट चोळत उभा राहिला, मग कुणाकडंही न बघता सडकेनं चालू लागला. तो गाडीत बसला नाही. दुसऱ्या दिवशी सिताबाईनं बोचकं डोक्यावर घेतलं, उरलेली मेंढरं पुढं घातली आणि दोघं उत्तरेला निघून गेले. भूमच्या बाजूला तिचं माहेर होतं.

येळवाडीनं वीरभद्राचं म्हणणं मानलं नाही आणि टाकलंही नाही. कुणी म्हणे, फितला. कुणी म्हणे, साहेबाला भ्याला. त्याच्या फळीवरच्या बाटल्यांवर धूळ साचू लागली. लोक तार घेऊन नळदुर्गाला जाऊ लागले, तिथल्या दुकानदाराकडून वाचून घेऊ लागले. वीरभद्रानं वहीत त्या दोन शब्दांखाली अर्थ लिहिला आणि डाउट, सस्पेक्ट ही नवी जोडीही लिहिली. पण वही मिटून ठेवली की त्याला बिभीषणाची ती पाठ दिसायची, सडकेनं जाणारी.

शेवटी त्यानं एक कागद तयार केला. स्वच्छ मराठीत. येळवाडीचा बिभीषण धनगर यानं सिद्धेश्वराची खबर दिल्याचा कसलाही पुरावा नाही, गावानं त्याला चुकून मारलं, गाव त्याला परत बोलावतं. पाटलांनी सही करायला महिना घेतला. पाचजणांनी अंगठे दिले. गुंडाप्पानं दिला नाही. आणि गिरिजाबाईशिवाय त्या कागदाला अर्थ नव्हता.

ती माघात स्वतःच आली. ओसरीवर बसली. “वीरभद्रा, तो कागद वाच.”

त्यानं वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

“पाचव्या दिवशी तो ठाण्यावर गेला, मेंढरांपायी,” ती म्हणाली. “त्याच्या आदी गेला न्हवता असं कशावरून?”

“कशावरूनही नाही, गिरिजाक्का. गेला होता असंही कशावरून नाही.”

“मग सांगितलं कुणी? माझ्या लेकराचं सांगितलं कुणी?”

“मला ठाऊक नाही.”

ती ओसरीच्या कडेला बोट घासत राहिली. मग वीरभद्र म्हणाला, “अक्का, एक विचारू? आपल्याकडं संशयाला एकच शब्द आहे. इंग्रजीत दोन. एक म्हणजे, यानंच केलं असणार असं आतून वाटतं. दुसरा म्हणजे, म्हणतात खरं, पण मनाला पटत नाही. तुमचा कोणता?”

गिरिजाबाईनं डोळे मिटले. ओठ हलले, कानडीत काहीतरी पुटपुटली. वीरभद्राला वाटलं, ही आता उठून जाणार.

“सिद्धाला ताप असला की बिभीषण शेळीचं दूध आणून द्यायचा,” ती म्हणाली. “पयला हुता रे माझा, पयला संशय. लई दिवस हुता. आता दुसरा हाय.” मग थांबून म्हणाली, “पर ग्येला न्हाय हं. हायच.”

तिनं अंगठा पुढं केला. वीरभद्रानं शाई लावली.

पुढच्या आठवड्यात तो मोटारीनं भूमला गेला. बाजाराचा दिवस होता. मेंढरांच्या बाजारात, बाभळीखाली बिभीषण बसला होता. मनगट जरा वाकडंच सांधलं होतं. शेजारी सिताबाई लोकर पिंजत होती. तिनं वीरभद्राला आधी पाहिलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

वीरभद्रानं राम राम केला. बिभीषणानं केला नाही. त्यानं वीरभद्राच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं.

“आता कशावर अंगठा पायजे?”

“तुझा नको. गावानं दिलेत. वाचून दाखवतो.”

त्यानं सगळा कागद वाचला. पाटलांची सही दाखवली, अंगठे दाखवले, त्यातला गिरिजाबाईचा कुठला ते सांगितलं. बिभीषणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वाचून झाल्यावर त्यानं हात पुढं केला, कागद घेतला आणि उठला. समोर दोरखंडाच्या दुकानात एक चष्मेवाला दुकानदार बसला होता. बिभीषण त्याच्याकडं गेला. “शेटजी, हे काय लिवलंय तेवढं वाचा. मोठ्यानं.”

वीरभद्र बाभळीखालीच उभा राहिला. पूर्वी कुणी असं केलं असतं तर त्याला राग आला असता. दुकानदारानं चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली. बिभीषण एकेक ओळ ऐकत होता, मधेच थांबवत होता, “पुन्हा म्हणा” म्हणत होता. एका ठिकाणी दुकानदार अडखळला तेव्हा बिभीषणानं मागं वळून वीरभद्राकडं पाहिलं. वीरभद्र काही बोलला नाही. दुकानदारानं शब्द नीट लावला आणि पुढं वाचलं. शेवटचं नाव गिरिजाबाईचं आलं.

बिभीषण कागदाची चौकोनी घडी करत परत आला. घडी त्यानं पटक्यात खोचली.

“बरुबर हाय,” तो सिताबाईला म्हणाला. वीरभद्राला नाही.

“परत येणार का?” वीरभद्रानं विचारलं.

“बगू. मेंढरं व्यायला झालीत.” मग तो म्हणाला, “तुमी सांगितल्यावर गाव फिरलं. मग तुमीच उलटं सांगितलं. आता कोण तुमचं ऐकतंय का तिथं?”

“कमी ऐकतात.”

बिभीषणानं मान डोलावली, जणू हे त्याला पटलं. सिताबाईनं पितळेचा गडू पुढं केला. वीरभद्र पाणी प्याला.

त्या वर्षी ते परतले नाहीत. पुढल्या वर्षी सुगीनंतर एक दिवस मेंढरांची घंटा ओढ्याकडून ऐकू आली. गिरिजाबाई घरामागच्या पडीत जाऊन उभी राहिली. बिभीषणानं मेंढरं तिकडं वळवली नाहीत, बांधानं वरून नेली. ती बघत राहिली, तोही बघत गेला. दोघांनी एकमेकांना हाक मारली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सिताबाई गावच्या आडावर पाण्याला येऊ लागली आणि तिला कुणी अडवलं नाही.

वीरभद्राकडं लोक पुन्हा कागद घेऊन यायला लागले ते त्याहून दोन वर्षांनी. आता तो कागद वाचून गप्प बसायचा. मग म्हणायचा, “यातले चार शब्द मला येतात, दोन येत नाहीत. नळदुर्गाला जाऊन आणखी एकाला दाखवा.” काहींना ते आवडायचं नाही. एवढंच सांगायचं तर कंपाउंडर कशाला झाला, असं म्हणत ते उठायचे आणि खरंच नळदुर्गाची वाट धरायचे.